साचा कुणाच्या हाती? जुन्या प्लेस्टेशनच्या डेव्हलपमेंट किटची गोष्ट



आजचा विषय काही तरुण श्रोत्यांनी सुचवला. घरात जुनं प्लेस्टेशन पडून आहे, त्यावर आपण स्वतः लिहिलेला गेम चालवता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर ‘हो’ आहे आणि पहिली पावलं मी शेवटी सांगणारच आहे. पण त्याआधी इतिहास पाहू. तीस वर्षांपूर्वी हेच काम परवानगीशिवाय जवळजवळ अशक्य का होतं, हे कळल्याशिवाय आज हातात काय आलं आहे याची किंमत कळत नाही.

आधी डेव्हलपमेंट किट म्हणजे काय ते बघू. मी राहतो ते नाचियार्कोविल् कुंभकोणमजवळचं गाव, पितळी समयांसाठी प्रसिद्ध. इथल्या समईला भौगोलिक मानांकन आहे. पायथा, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा हंस असे भाग कावेरीकाठच्या मातीच्या साच्यात वेगवेगळे ओततात, कातून घेतात आणि आटे पाडून एकमेकांत बसवतात. गिऱ्हाईक दुकानातून समई घेऊन जातं. साचा, भट्टी आणि कातयंत्र कारखान्यातच राहतं. दुकानातल्या समईकडे कितीही वेळ पाहिलं तरी दुसरी समई ओतता येत नाही.

गेम कन्सोलचंही तसंच आहे. दुकानातला कन्सोल गेम चालवतो, बनवत नाही. बनवण्यासाठी लागतात चार गोष्टी. त्या प्रोसेसरची भाषा जाणणारा कंपायलर, चित्र आणि आवाजाच्या तयार कामांची लायब्ररी, लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रात पोचवायचा रस्ता, आणि प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारा डीबगर. या चौघांचा संच म्हणजे डेव्हलपमेंट किट. फौजेत नव्या हत्याराबरोबर शिकवण्यासाठी एक कापलेला नमुना असतो. त्यातून गोळी झाडत नाहीत, पण आतली हालचाल उघडी दिसते आणि जवानाला हत्यार समजतं ते त्यावरच. किटमधल्या डीबगरचं काम तेच.

कुलूप कसं लागलं

अगदी सुरुवातीला कुलूप नव्हतं. अटारी २६०० हा कन्सोल १९७७ मध्ये आला. त्याची मेमरी होती फक्त १२८ बाइट. १९७९ मध्ये अटारीतल्या काही प्रोग्रॅमरांनी बाहेर पडून ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ ही कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठी गेम विकायला लागले. त्यांना यंत्र आतून माहीत होतं, आणि बाहेरची कॅसेट ओळखून नाकारायची सोय त्या यंत्रात नव्हती. अटारीने दावा लावला, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम काढायचा रस्ता सगळ्यांना मोकळा झाला. त्या रस्त्याने चांगले गेम आले, तसा कचराही आला. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला.

निन्टेंडोने त्यातून धडा घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या एनईएस या कन्सोलमध्ये त्यांनी एक कुलूपचिप बसवली. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये असेल तरच यंत्र चालायचं. कॅसेट निन्टेंडोच तयार करणार आणि परवानाधारकाने वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त गेम काढायचे नाहीत, अशा अटी आल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत जे ‘टीव्ही गेम’ होते, एका कॅसेटमध्ये शेकडो गेमचा दावा करणारे, ते बहुतेक याच निन्टेंडो यंत्राच्या नकला होते. म्हणजे आपण यंत्र वापरलं तेही नकलेचं, आणि बनवण्याच्या अवजाराचं तर नावही ऐकलं नव्हतं.

प्लेस्टेशनचं किट

सोनीचं प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी आलं. आत ३३.८ मेगाहर्ट्झचा मिप्स जातीचा प्रोसेसर, २ मेगाबाइट मुख्य मेमरी, चित्रासाठी १ मेगाबाइट, आवाजासाठी अर्धा मेगाबाइट. किमतीच्या मानाने यंत्र तगडं होतं. तरीही बाहेरच्या प्रोग्रॅमरांना ते जवळचं वाटलं याचं मोठं कारण त्याचं किट होतं.

सोनीची सुरुवातीची किट तिच्याच न्यूज वर्कस्टेशनच्या घराण्यातली होती, मोठी आणि महाग. १९९३ मध्ये सोनीने लिव्हरपूलची सिग्नोसिस ही कंपनी विकत घेतली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एसएन सिस्टिम्स या छोट्या कंपनीच्या अँडी बेव्हरिज आणि मार्टिन डे या दोघांनी साध्या पीसीवर चालणारं किट तयार केलं. पीसीत दोन कार्डं खोचायची, की त्याच कार्डांवर प्लेस्टेशन. सोबत सी भाषेचा कंपायलर आणि डीबगर. त्या काळी कन्सोलचे बरेच गेम असेंब्लीत लिहिले जात. सी जाणणाऱ्या माणसाला सोनीने दार उघडून दिलं आणि कंपन्यांची रांग लागली. एसएन सिस्टिम्सलाही सोनीने २००५ मध्ये विकत घेतलं.

या कार्डांवर मुख्य मेमरी ८ मेगाबाइट होती, ग्राहकाच्या यंत्रात मात्र २. हा फरक समजावायला आमच्या गावचं देऊळ कामाला येतं. नाचियार्कोविल्चा दगडी गरुड उत्सवात मिरवणुकीला निघतो. परंपरा अशी, की गाभाऱ्यातून निघताना त्याला चौघे पेलतात, मग आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट आणि रस्त्यावर येईपर्यंत एकशे अठ्ठावीस खांदे लागतात. जसजसा बाहेर येतो तसतसा तो जड होतो. प्रोग्रॅमचंही तसंच. किटवर हलका वाटणारा गेम ग्राहकाच्या यंत्रात उतरवताना जड होतो. जास्तीची मेमरी चुका शोधण्यासाठी असते, चैनीसाठी नाही. हे न ओळखणारे शेवटच्या महिन्यात चित्रं कापत बसायचे.

पण हे किट मिळायचं कुणाला? सोनीशी करार केलेल्या कंपनीला. कॉलेजातल्या मुलाला नाही, नोकरी सांभाळून रात्री प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तर नाहीच.

काळं प्लेस्टेशन

मग सोनीने एक धाडस केलं. ‘नेट यारोझे’ नावाचं किट आधी जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिका व युरोपात सामान्य माणसाला विकायला काढलं. ‘यारोझे’ म्हणजे जपानीत साधारण ‘चला, करूया!’ पेटीत काळ्या रंगाचं प्लेस्टेशन, पीसीला जोडायची सिरियल केबल, मेमरी कार्डाच्या खाचेत बसवायचं एक खास कार्ड, डिस्क आणि जाड पुस्तकं. अमेरिकेत किंमत सुमारे ७५० डॉलर. त्याच वर्षी साधं प्लेस्टेशन तिथे १४९ डॉलरला मिळत होतं.

मर्यादा कडक होत्या. स्वतःचा प्रोग्रॅम सीडीवर घेऊन चालवता येत नव्हता. केबलीतून जे यंत्रात भरता येईल तेवढाच गेम. म्हणजे कोड, चित्रं आणि आवाज मिळून साडेतीन मेगाबाइटच्या आत, आणि त्यातही सोनीच्या लायब्ररीचा वाटा. गेम विकता येत नव्हता आणि यारोझे नसलेल्या मित्राला देताही येत नव्हता. शंका विचारायची ती इंटरनेटवर, सोनीच्या बंद सदस्यगटात.

तरीही माणसांनी कमाल केली. ब्रिटनच्या अधिकृत प्लेस्टेशन मासिकाच्या डिस्कवर यारोझेचे गेम येऊ लागले आणि एका माणसाने घरी बसून केलेला गेम हजारो घरांत पोचला. जपानच्या शिफ्ट कंपनीचा ‘डेव्हिल डाइस’ हा गेम यारोझेवरच्या प्रयोगातून वाढला आणि १९९८ मध्ये रीतसर बाजारात आला. विद्यापीठांनीही ही काळी यंत्रं शिकवायला घेतली. १९९७ मध्येच स्कॉटलंडमधल्या डंडीच्या अबर्टे विद्यापीठाने संगणक खेळांची पदवी सुरू केली. म्हणजे अवजार आणि अभ्यासक्रम तिकडे एकाच वेळी उभे राहिले. पुढच्या पिढीचे प्रोग्रॅमर तिथे घडत होते.

याच काळात आपण कुठे होतो? भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएलकडून, तेही आधी मोजक्या मोठ्या शहरांत. यारोझे इंटरनेटवाचून अर्धं होतं आणि त्याची विक्री आपल्या बाजारासाठी नव्हतीच. आपल्या मुलांकडे बुद्धी होती, सी भाषाही होती. नव्हता तो साचा.

प्लेस्टेशन २ आणि आपला उशीर

२००० मध्ये प्लेस्टेशन २ आलं. त्याच्या व्यावसायिक किटला ‘टूल’ म्हणत. ग्राहकाच्या यंत्रात मेमरी ३२ मेगाबाइट, टूलमध्ये १२८. इथेही गरुडाचा तोच हिशेब. हौशी लोकांसाठी सोनीने २००२ मध्ये अमेरिका-युरोपात लिनक्स किट काढलं. त्यात ४० गिगाबाइटची हार्डडिस्क, नेटवर्क अडॅप्टर, कीबोर्ड आणि माउस होता. पण त्यावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या लिनक्स किटवरच चालायचा. दार पुन्हा अर्धंच उघडलं.

भारतात पूर्णपणे तयार झालेला पहिला प्लेस्टेशन २ गेम आला २००९ मध्ये: हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्र कंपनीने ‘देसी अड्डा’ आणला. त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंग होता. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढला. गल्ली क्रिकेट प्लेस्टेशनवर आलं ते असं, मुंबईतून. पुढे २०११ मध्ये ‘रा.वन’ चित्रपटावरचा गेमही ट्राइनचाच.

या गेमना जाणकारांनी नावं ठेवली आणि त्यातली काही योग्य होती. पण तारखा पाहा. किट आपल्या हातात नीट आलं तेव्हा प्लेस्टेशन २ नऊ वर्षांचं झालं होतं. जगभरचे कुशल प्रोग्रॅमर त्याच्या खाचाखोचा पालथ्या घालून प्लेस्टेशन ३ कडे गेले होते. आपली पोरं पहिला धडा गिरवत होती, आणि त्या पहिल्या धड्याची तुलना दुसऱ्यांच्या दहाव्या धड्याशी झाली. २०१३ च्या सुरुवातीला प्लेस्टेशन २ चं उत्पादनच थांबलं. दुसरा-तिसरा धडा गिरवायला पाटी उरली नाही. माझ्या मते उणीव बुद्धीची नव्हती. सरावाची वर्षं मिळाली नाहीत, आणि सराव अवजाराशिवाय होत नाही.

राजवाड्यातला छापखाना आणि बाजारातला छापखाना

मराठी माणसाने हा प्रश्न पूर्वी एकदा पाहिला आहे. माझ्या गावापासून तंजावर फार लांब नाही. तिथे सरफोजीराजे दुसरे यांनी १८०५ मध्ये देवनागरी छापखाना उभा केला आणि १८०६ मध्ये त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक निघालं. महाराष्ट्रात छपाई रुजायच्या कितीतरी आधी तमिळ प्रदेशात मराठी पुस्तक छापलं गेलं! काम मोलाचं होतं, पण छापखाना राजवाड्यातला. राजाश्रयाबाहेर त्याची परंपरा वाढली नाही.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी दुसरी वाट धरली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम त्यांनी डोळसपणे पाहिलं आणि स्वतःचा छापखाना उभारला. शाई स्वतः केली, पुढे अक्षरंही स्वतः घडवली. १८३१ मध्ये त्यांनी मराठी पंचांग छापून बाजारात विकायला आणलं. मराठी मुद्रणाचा धंदा वाढला तो त्या वाटेने.

आता कन्सोलकडे परत या. सोनीचं व्यावसायिक किट म्हणजे राजवाड्यातला छापखाना. यारोझे म्हणजे राजाने दिलेली ठरावीक वेळेची मुभा. आणि आज जे फुकट, खुलं किट मिळतं ते गणपत कृष्णाजींच्या वाटेचं आहे. जगभरच्या हौशी माणसांनी यंत्र नीट पाहून, मोजून, तपासून अवजार पुन्हा स्वतः घडवलं.

हे कायद्याला धरून आहे का? अमेरिकेत १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड या खटल्यात अपील न्यायालयाने म्हटलं, की आपला स्वतंत्र गेम यंत्रावर चालावा एवढ्यासाठी, दुसरा मार्ग नसताना, यंत्राच्या प्रोग्रॅमचा उलट अभ्यास करणं हा रास्त वापर आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तशी तरतूद आली. स्वतंत्र लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमबरोबर चालावा यासाठी, ती माहिती सहज उपलब्ध नसेल तर, कायदेशीर धारकाला ती मिळवता येते. मी वकील नाही, पण ढोबळ नियम सरळ आहे. स्वतःचं लिहा, दुसऱ्याचं उचलू नका. सोनीचं जुनं अधिकृत किट इकडे-तिकडे फिरताना दिसतं, ते आजही सोनीच्याच मालकीचं आहे. त्याला हात लावायची गरज उरलेली नाही.

पहिली पावलं

आता सुरुवात कशी करायची ते सांगतो.

एक. कन्सोल विकत घेऊ नका. साधा लॅपटॉप पुरे. ‘पीसीएसएक्स-रिडक्स’ हा इम्युलेटर उतरवून घ्या. त्यात डीबगर आहे, आणि सोनीच्या बायोसऐवजी चालणारा ‘ओपनबायोस’ त्याच प्रकल्पाचा आहे. तुमचा कापलेला नमुना हाच.

दोन. किट म्हणून ‘पीएस-नूब एसडीके’ घ्या. ते खुलं आहे आणि सोबत उदाहरणं येतात. सी भाषेतले पॉइंटर आणि बिटांची कामं कच्ची असतील तर आधी तिथे महिनाभर घालवा. प्लेस्टेशन जड वाटलं तर सेगा मेगा ड्राइव्हसाठी ‘एसजीडीके’ किंवा गेम बॉयसाठी ‘जीबीडीके’ घ्या. तीही फुकट आहेत.

तीन. पहिल्या दिवशी फक्त पडद्याचा रंग बदला. मग अक्षरं उमटवा. मग एक चौकोन कंट्रोलरने हलवा. मग आवाज. ही कवायत आहे, तिच्यात उडी मारू नका.

चार. चित्राच्या मेमरीचा नकाशा कागदावर काढा. ती १०२४ बाय ५१२ ठिपक्यांची सपाट जमीन समजा. ३२० बाय २४० चा एक पडदा साधारण दीडशे किलोबाइट खातो. एक दाखवायचा आणि दुसरा रंगवायचा असे दोन पडदे लागतात. उरलेल्या जागेत तुमची सगळी चित्रं बसली पाहिजेत.

पाच. या यंत्राला अपूर्णांकाचं गणित हार्डवेअरमध्ये येत नाही. म्हणून ४०९६ म्हणजे एक, २०४८ म्हणजे अर्धा, असं पूर्णांकांत मोजायचं. पूर्ण वर्तुळाचेही ४०९६ भाग. जुन्या प्लेस्टेशनच्या त्रिमितीय गेममध्ये भिंती किंचित थरथरतात, त्यामागे हेच पूर्णांकांचं गणित आहे. कुठला त्रिकोण पुढे आणि कुठला मागे हेही यंत्र स्वतः ठरवत नाही, लांबचे आधी रंगवायची यादी तुम्हालाच लावावी लागते.

सहा. आपल्याकडची जुनी दूरचित्रवाणी पाल पद्धतीची, सेकंदाला ५० चित्रं. जपान-अमेरिकेची ६०. वेग चित्रांवर मोजला तर एकच गेम दोन ठिकाणी वेगळ्या गतीने चालेल. हे सुरुवातीलाच ठरवा.

सात. गेम इम्युलेटरवर नीट चालला की मगच खऱ्या यंत्राकडे या. जुन्या करड्या प्लेस्टेशनच्या मागे सिरियल पोर्ट असतो. २००० मध्ये आलेल्या छोट्या पांढऱ्या पीएस वनवर तो नाही. जुनं यंत्र शोधताना हे आधी पाहा.

कुणी विचारेल, आज फोनवर गेम करता येतो, मग तीस वर्षांच्या यंत्रात डोकं का घालायचं? कारण हे यंत्र एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावतं. मेमरीचा प्रत्येक बाइट कुठे जातो हे तुम्ही बोट ठेवून सांगू शकता. आजच्या फोनबद्दल तसं म्हणता येणार नाही. जो दोन मेगाबाइटमध्ये शिस्तीने संसार मांडायला शिकला, त्याला गाडीतली, उपग्रहातली किंवा कारखान्यातली छोटी यंत्रं परकी वाटत नाहीत. तिथेही मेमरी मोजूनच मिळते.

१९९७ मध्ये जे ७५० डॉलर मोजूनही आपल्यापर्यंत आलं नसतं, त्याहून मोकळं अवजार आज नांदेडच्या, बेळगावच्या, इंदूरच्या किंवा कुंभकोणमच्या मुलीला एका रात्रीत उतरवून घेता येतं. आता सरावाची वर्षं द्यायची आहेत, आणि ती दुसरं कुणी देणार नाही. पडद्याचा रंग बदलला की मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.

नमस्कार.